सांगली-साताऱ्यातल्या विद्यार्थ्यांचं पॉलिसी आणि पोलिटिकल इकॉनॉमी जर्नल: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

मेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉलेजच्या कट्ट्यावर जे प्रश्न परत परत येतात ते इथं एकत्र केलेत. आधी साधे आहेत, पुढं पुढं अवघड होत जातात. एका उत्तरात जे आलंय ते दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, तिथं फक्त नंबर दिलाय.

१. हे नेमकं काय आहे? कॉलेजच्या वार्षिक अंकासारखं का?

नाही. वार्षिक अंकात कविता, सहलीचे फोटो, प्राचार्यांचं मनोगत असतं आणि ते असायलाच पाहिजे. हे रिसर्च जर्नल आहे, म्हणजे एक प्रश्न घ्यायचा, त्यावर आधी कोणी काय लिहून ठेवलंय ते बघायचं, आकडे किंवा कागदपत्रं किंवा माणसांच्या मुलाखती गोळा करायच्या आणि त्यावरनं जेवढं खात्रीनं म्हणता येतं तेवढंच म्हणायचं. संपादक मंडळात सगळे पदवीचे विद्यार्थी आहेत, सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, सातारा इथल्या वेगवेगळ्या कॉलेजांतले. प्राध्यापक सल्ला देतात, पण पेपर घ्यायचा का नाही ते मंडळ ठरवतं. वर्षाला दोन अंक निघतात, एक दिवाळीच्या आसपास आणि एक एप्रिलमध्ये. दोन्ही ऑनलाइन, वाचायला फुकट.

२. पोलिटिकल इकॉनॉमी म्हणजे राजकारण का अर्थशास्त्र?

दोन्ही एकत्र, आणि एकत्र असणं हाच मुद्दा आहे. पैसा, पाणी, जमीन, मजुरी कोणाकडं किती जाते हा अर्थशास्त्राचा प्रश्न झाला, ते कोण ठरवतं आणि त्याच्याकडं ती ताकद कुठनं आली हे त्याला जोडलं की पोलिटिकल इकॉनॉमी. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना घ्या. पाणी किती उचललं हा इंजिनिअरिंगचा प्रश्न. पाणी उचलायच्या वीजबिलाचा ८१ टक्के वाटा सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचा हे ठरलं ते कुणाच्या रेट्यामुळं, त्याचा फायदा कुठल्या पिकाला जास्त झाला, कॅनॉलच्या शेवटच्या टोकाच्या गावाला काय मिळालं, हा आपला प्रश्न.

आणि हा विषय परदेशातनं आलाय असं समजू नका. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि शेतकरी गरीब का राहतो याचं उत्तर त्यांनी कर, कर्ज आणि नोकरशाही यांच्यात शोधलं. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान जमीनधारणेवर निबंध लिहिला. सगळे म्हणत होते की तुकडे लहान म्हणून शेती परवडत नाही, बाबासाहेबांचं म्हणणं होतं की जमीन किती यापेक्षा तिच्यावर भांडवल किती लागतंय आणि किती माणसं नाइलाजानं शेतीवर अडकून पडलीत ते बघा, उपाय उद्योग वाढवण्यात आहे. सगळ्यांनी धरलेला प्रश्न उलटा करून बघणं हे आम्हाला पेपरमध्ये हवंय.

३. मी बीएस्सी अ‍ॅग्रीला आहे, इकॉनॉमिक्स कधी शिकलो नाही. पाठवू शकतो का?

हो. पदवीला असलेला कोणीही पाठवू शकतो, बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग, नर्सिंग, लॉ, मुक्त विद्यापीठ, सगळे. डिप्लोमावाले पण. पदवी होऊन एक वर्ष झालेलं नसेल तरी चालतं, पण काम पदवीच्या काळातलं पाहिजे. एमए, एमकॉमवाल्यांचे पेपर घेत नाही, त्यांनी रिव्ह्यूअर (आलेले पेपर तपासणारा) म्हणून यावं (प्रश्न १३). अ‍ॅग्रीवाल्यांना तर खास सांगतो, तुम्हाला पीक कळतं, खताचा डोस कळतो, बाकीच्यांना सबसिडीचा आकडा दिसतो पण ते खत रानात कधी टाकतात ते माहीत नसतं.

४. फी किती?

शून्य. पाठवायला, छापायला, सर्टिफिकेटला, कशालाच पैसे नाहीत. कोणी आमच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका आणि आम्हाला कळवा. एकूणच, चार दिवसांत छापून देतो म्हणणारं आणि आधी पैसे मागणारं जर्नल दिसलं की तिथनं लांब राहा, तिथं तुमचा पेपर कोणी वाचत नाही.

५. मराठीत लिहिलं तर कमी समजतात का? इंग्लिशमध्येच पाहिजे का?

दोन्ही चालतं आणि दोन्हीला एकच माप लावतो. पेपर इंग्लिशमध्ये असेल तर मराठीत एक पानाचा सारांश कंपल्सरी आहे आणि मराठीत असेल तर इंग्लिश सारांश आम्ही तुमच्यासोबत बसून करतो. मराठी सारांशावर आम्ही हटून बसतो याचं कारण साधं आहे, ज्या ऊसतोड कामगार बाईंनी तुम्हाला खोपीसमोर बसून तासभर माहिती दिली त्यांच्या पोराला तरी तो वाचता आला पाहिजे आणि "हे चुकीचं लिहिलंय" असं म्हणता आलं पाहिजे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तपासताच येणार नाही असा पेपर आम्हाला अर्धवट वाटतो.

शब्द अडले तर दोन जागा आहेत. एक मराठी विश्वकोश, वाईत तयार झालेला, आता नेटवर फुकट आहे. दुसरा भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्राचा परिभाषा कोश. पण प्रत्येक शब्दाला संस्कृत पर्याय शोधत बसू नका, रिग्रेशन, सॅम्पल, सबसिडी असं लिहिलं तरी चालतंय. बाजारातला, रानातला शब्द असेल तर तोच वापरा: अडत, तोलाई, उचल, मुकादम, पेव.

६. टॉपिकच सुचत नाही. "भारतीय अर्थव्यवस्था आणि जागतिकीकरण" घेऊ का?

नको. सगळ्यात जास्त पेपर असल्याच टॉपिकचे येतात आणि परत जातात, कारण पंधरा पानांत तो प्रश्न मावत नाही, मग इकडचं तिकडचं उचलून भरती केली जाते. घरापासून सुरू करा. गोखले इन्स्टिट्यूट पुण्याची, पण १९४० साली त्यांनी जी शेतीव्यवसायाची पाहणी छापली ती वाई तालुक्याची होती. एवढ्या मोठ्या संस्थेला एक तालुका पुरला, तर आपल्याला एक गाव पुरायला हरकत नाही.

टॉपिक कसा बारीक करत जायचा ते उसावर दाखवतो, कारण निम्म्या मुलांना उसावरच लिहायचं असतं. "ऊसदराचा प्रश्न" हा टॉपिक नाही. एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान रास्त दर) केंद्र सरकार ठरवतं, २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३४० रुपये होती, उतारा त्यावर गेला की दर वाढतो, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे सगळं वाचून कळतं, त्यासाठी पेपर नको. आता पुढं विचारा. एफआरपी कारखान्याच्या गेटवरची असते, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते, मग एकाच गावात दोन कारखान्यांना ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातात पडणाऱ्या रकमेत फरक का पडतो? उशिराचं व्याज गावात किती जणांनी मागितलं, आणि मागितलं नसेल तर का नाही? कारखान्याचा सभासद असलेल्याची तोड आधी येते का? यातला कुठलाही एक प्रश्न पेपर होतो, आणि उत्तर पट्टीच्या पावत्या, कारखान्याचे अहवाल आणि वीस-पंचवीस घरं फिरून मिळतं.

अजून काही, ज्यावर कोणीतरी लिहावं अशी आमची मनापासून इच्छा आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख) मिळाला, पण मार्केट यार्डात येणारी बरीच हळद मराठवाड्यातनं येते, मग जीआयचा फायदा पिकवणाऱ्याला होतोय का व्यापाऱ्याला? हरिपूरची हळदीची पेवं (साठवणीची जमिनीखालची कोठारं) २००५ च्या पुरानंतर बसली, मग साठवणीचा खर्च आता कोण सोसतं? तासगावच्या बेदाणा सौद्यात माल बघताना बेदाण्याची उधळण होते ती तूट कोणाच्या खात्यावर पडते? कोयनेचे धरणग्रस्त ज्या गावांत वसवले तिथं तिसऱ्या पिढीकडं जमिनीचे कागद आहेत का? माण-खटावच्या मेंढपाळांना चारा छावणीत जागा मिळते का फक्त गाई-म्हशींना? सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, सानुग्रह मदत घरमालकाला मिळाली का भाडेकरूला? हा शेवटचा प्रश्न गावभाग आणि आसपासच्या पोरांनी घ्यावाच, तुमच्याइतकं ते कोणाला माहीत नाही.

७. डेटा कुठं मिळतो? नेटवर सगळं दिल्ली-मुंबईचंच असतं.

जिल्ह्याचा डेटा आहे, फक्त विखुरलेला आहे. पहिल्यांदा "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" उघडा, अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं काढतं, तालुकावार सिंचन, पीकक्षेत्र, शाळा, दवाखाने असं बरंच मिळतं. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या आधी येते. गावपातळीला २०११ च्या जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका आहे, आकडे जुने झालेत हे पेपरमध्ये स्पष्ट लिहा. बाजारभाव आणि आवक अ‍ॅगमार्कनेटवर आणि पणन मंडळाच्या साइटवर. गाळप, उतारा आणि एफआरपी थकबाकीचे रिपोर्ट पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडं. ग्रामपंचायतीला कुठल्या कामाला किती पैसे आले ते ई-ग्रामस्वराजवर दिसतं. आरोग्याला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा जिल्ह्याचा तक्ता, २०१९-२१ चा.

एक इशारा. बेरोजगारीचा पीएलएफएसचा (केंद्राच्या रोजगार सर्व्हेचा) आकडा राज्याचा असतो आणि मुलं तो सांगलीला चिकटवतात. तसं करू नका. त्या सर्व्हेच्या जुन्या वर्षांचं सॅम्पल जिल्ह्याचा आकडा काढायला केलेलंच नव्हतं.

आणि कागद. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची यादी), ग्रामसभेचं प्रोसिडिंग, सोसायटीचा वार्षिक अहवाल, आजोबांनी ट्रंकेत ठेवलेल्या जुन्या पट्ट्या. अशा कागदांवर उभा राहिलेला पेपर आम्ही सगळ्यात आवडीनं वाचतो.

८. वर्तमानपत्रातल्या बातमीचं कात्रण सोर्स म्हणून चालतं का?

घटना कधी घडली, मोर्चा कुठं निघाला, कोण जाहीरपणे काय बोललं यासाठी चालतं. आकड्यासाठी नाही. बातमीत "सूत्रांच्या माहितीनुसार ३०० कोटी" असेल तर तो आकडा मूळ कुठनं आला ते शोधायचं, नाही सापडला तर वापरायचा नाही.

९. ऑफिसमध्ये गेलो तर "उद्या या" म्हणतात. माहिती अधिकार टाकू का?

टाका, पण आधी दोन गोष्टी करा. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ खाली बरीच माहिती ऑफिसनं स्वतःहून जाहीर करायची असते, ती साइटवर किंवा बोर्डावर आहे का बघा. आणि कॉलेजचं पत्र घेऊन साहेबांना नीट भेटा, विद्यार्थी म्हणून गेलं की निम्म्या वेळा काम होतं.

नाहीच झालं तर अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "का" विचारू नका, माहिती अधिकारात कारणं नाही मिळत, कागद मिळतात. "योजना का रखडली" असं लिहिलं की अर्ज फुकट गेला, "अमुक योजनेच्या अमुक वर्षाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत" असं लिहा. आणि अंकाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी अर्ज टाकून आमच्याकडं मुदत मागू नका, परीक्षा आणि अपील दोन्ही धरून सहा महिन्यांचा हिशोब ठेवा.

१०. सहकारी साखर कारखाना म्हणतो आम्हाला माहिती अधिकार लागू नाही. खरंय का?

बऱ्याच वेळा खरं आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका सहकारी बँकेच्या केसमध्ये सांगितलं की सरकारचा मोठा पैसा नसेल तर सहकारी संस्था ही सार्वजनिक प्राधिकरण (ज्याला माहिती अधिकार लागू होतो असं ऑफिस) होत नाही, निबंधकाची देखरेख आहे म्हणून तेवढ्यानं होत नाही. पण रस्ता बंद नाही. संस्थेनं निबंधकाकडं किंवा साखर आयुक्तालयाकडं जे कागद दिलेत ते तिथनं मागता येतात, कारण ती ऑफिसं सरकारी आहेत. आणि घरात कोणी सभासद असेल तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं सभासदाला ठरावीक कागद बघायचा आणि प्रत घ्यायचा हक्क आहे. सर्वसाधारण सभेच्या आधी जो अहवाल घरी येतो तो तर रद्दीत टाकूच नका, ताळेबंद त्यातच असतो. सभासद घरातलाच असेल तर प्रश्न १८ पण वाचा.

११. सर्व्हे किती लोकांचा पाहिजे? १०० चा गुगल फॉर्म केलाय.

आकड्यापेक्षा माणसं निवडली कशी ते आधी सांगा. क्लासच्या ग्रुपवर फॉर्म टाकून आलेली १०० उत्तरं ही तुमच्या मित्रांची मतं आहेत, सातारा जिल्ह्यातल्या तरुणांची नाहीत. त्यापेक्षा एका वाडीची मतदार यादी किंवा नमुना ८ घेऊन दर दहावं घर निवडलं आणि ३० घरं केली तर ते जास्त खरं आहे. घर बंद असेल तर परत जायचं, शेजारच्याला विचारून फॉर्म भरायचा नाही, कारण दिवसा जे घर बंद असतं तेच मजुरीला जाणारं घर असतं, ते सुटलं की तुमचं उत्तरच बदलतं. आणि बाईमाणसाशी बोलायचं असेल तर घरातला पुरुष शेजारी बसून उत्तरं देत नाही ना याची काळजी घ्या, टीममध्ये मुलगी असेल तर हे काम सोपं जातं.

सॅम्पल लहान असेल तर दावा पण लहान ठेवा. १२ जणांशी बोलून "३३.३३ टक्के शेतकरी" लिहू नका, "बारापैकी चार जण" लिहा.

१२. मुलाखतीला परवानगी लेखी लागते का? सही म्हटलं की लोक घाबरतात.

बरोबर आहे, सही म्हटलं की लोकांना कर्जाचा कागद आठवतो. तोंडी परवानगी चालते, पण मराठीत नीट सांगायचं की तुम्ही कोण, कशासाठी विचारताय, कुठं छापणार, आणि नको वाटलं तर मधेच थांबवता येतं. रेकॉर्डिंग करणार असाल तर ती परवानगी रेकॉर्डिंगमध्येच घ्या. १८ च्या खालच्यांना पालकांशिवाय नाही. ऊसतोड मजुरांशी बोलताना मुकादमासमोर (टोळी आणणाऱ्यासमोर) बोलू नका, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्याच्याकडनं घेतलेले असतात, त्याच्यासमोर खरं कोण सांगणार.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. लहान गावात "चार एकर द्राक्षबाग असलेल्या माजी महिला सरपंच" लिहिलं की सगळ्यांना कळतं कोण ते. अशा वेळी गावाचं नाव काढा, एकराचा आकडा ढोबळ करा.

१३. पेपर पाठवल्यावर काय होतं?

आधी दोन संपादक बघतात की विषय आपला आहे का आणि पेपर पूर्ण आहे का. मग लेखकाचं आणि कॉलेजचं नाव काढून दोन रिव्ह्यूअरकडं जातो, एक विद्यार्थी आणि एक पीजीचा विद्यार्थी किंवा प्राध्यापक, त्यांची नावं तुम्हाला कळत नाहीत आणि तुमचं त्यांना. तुमच्याच कॉलेजचा रिव्ह्यूअर देत नाही. साधारण दीड-दोन महिने लागतात, परीक्षा आल्या तर जास्त. जवळपास प्रत्येक पेपर दुरुस्तीला परत येतो, एकदा तरी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रिव्ह्यूअरचं म्हणणं पटलं नाही तर का पटलं नाही ते लिहून पाठवा, गप्प बसून बदलू नका.

१४. रिजेक्ट झाला तर परत पाठवता येतो का?

येतो. नापसंतीच्या पत्रात कारणं लिहून देतो, ती दुरुस्त करून पुढच्या अंकाला पाठवा. कुठल्याही पत्रात फक्त "नाकारले" एवढंच लिहायचं नाही हा मंडळाचा नियम आहे. कोणीतरी उन्हातान्हात घरं फिरून ते काम केलेलं असतं, त्याला दोन पानं उत्तर मिळालंच पाहिजे.

१५. माझ्या सर्व्हेत काहीच निघालं नाही. वाटलं होतं ठिबकमुळं मजुरीचा खर्च कमी झाला असेल, पण फरकच नाही. आता काय?

पाठवा! हे "काहीच निघालं नाही" नव्हे, हे उत्तर आहे. पद्धत नीट असेल तर असे पेपर आम्ही घेतोच, कारण नाहीतर सगळ्या जर्नलांत फक्त जे जमलं तेच छापलं जातं आणि पुढचा विद्यार्थी तोच सर्व्हे परत करत बसतो. फक्त फरक का दिसला नसेल याचा विचार मांडा, सॅम्पल लहान होतं का, का वाचलेला वेळ खुरपणीत गेला.

१६. सेमिस्टरचा फील्ड प्रोजेक्टच पाठवला तर? आणि तोच पेपर दोन ठिकाणी?

प्रोजेक्ट चालतो, नवीन शैक्षणिक धोरणामुळं आता सगळ्यांकडं एक तरी असतोच. पण तसाच बाइंडिंगचा पीडीएफ पाठवू नका. ऋणनिर्देश, प्रमाणपत्र, "संशोधनाची व्याख्या" असली पहिली पंधरा पानं काढा आणि एका प्रश्नाभोवती ३५०० ते ६००० शब्दांत परत लिहा. एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवणं मात्र चालत नाही, आमचं उत्तर येईपर्यंत थांबा किंवा कळवून मागं घ्या. आविष्कारसारख्या विद्यार्थी संशोधन स्पर्धेत पोस्टर मांडलं असेल तर हरकत नाही, ते छापणं धरत नाही.

१७. प्लेजरिझम किती टक्के चालतं? आणि चॅटजीपीटी?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, तिथनं लोकांनी "१० टक्के चोरी चालते" असा अर्थ काढलाय. तसं नाही. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं त्या टक्क्यात मोजतच नाहीत, आणि संदर्भ न देता उचललेला एक परिच्छेद टक्केवारी ४ असली तरी आम्ही परत पाठवतो. सॉफ्टवेअर मराठीत कमी पकडतं म्हणून इंग्लिश पेपर भाषांतर करून स्वतःच्या नावानं पाठवणारे पण असतात, त्यासाठी आम्ही हातानं तपासतो.

एआयचं सांगायचं तर व्याकरण सुधारायला, ग्राफचा कोड लिहायला वापरलं तर शेवटी एका ओळीत लिहा, बास. पेपर त्याच्याकडनं लिहून घेऊ नका आणि संदर्भ तर अजिबात मागू नका, ते नसलेली पुस्तकं तयार करून देतं. आम्ही यादीतला प्रत्येक संदर्भ उघडून बघतो, एक जरी अस्तित्वात नसलेला निघाला तर पेपर तिथंच थांबतो.

१८. माझे वडील विकास सोसायटीचे चेअरमन आहेत आणि माझा पेपर पीककर्जावर आहे. चालेल का?

चालेल. या भागात असा माणूस शोधून सापडणार नाही ज्याच्या घरात कोणी सोसायटी, दूध संघ, कारखाना, बँक, पंचायत यातल्या कशात नाही. नातं पेपरच्या सुरुवातीला एका वाक्यात जाहीर करा, म्हणजे वाचणारा ते धरून वाचेल. त्यामुळं तुम्हाला मिळालेली माहिती बाकीच्यांना मिळत नाही, हा फायदाच आहे. पण घरातल्या कपाटातला कागद वापरायचा तर वडिलांना सांगून, आणि इतर कर्जदारांची नावं, थकबाकी असलं काही त्यातनं बाहेर काढायचं नाही. संपादक किंवा रिव्ह्यूअरचं असं नातं असेल तर त्यानं तो पेपर हाताळायचाच नाही.

१९. स्थानिक नेत्याच्या विरोधात जाणारा निष्कर्ष निघाला तर छापाल का? प्रेशर येणार नाही का?

निष्कर्ष पुराव्यावर असेल तर छापतो. कुठल्याही पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचे पदाधिकारी संपादक मंडळात घेत नाही आणि कुठल्याही नेत्याकडनं, संस्थेकडनं देणगी घेत नाही, ते याच्यासाठीच. लिहिताना एवढं बघा की पेपर निर्णयावर असावा, माणसावर नको. "अमुकनं खाल्लं" हे आम्ही छापणार नाही. "टेंडर तीन वेळा वाढवलं, प्रत्येक वेळचं कारण हे, खर्च एवढ्यावरनं एवढा झाला" हे कागद लावून छापू. नाव घ्यायचंच असेल तर जे सरकारी नोंदीत, विधिमंडळाच्या कामकाजात किंवा कोर्टाच्या निकालात आहे तेवढंच, कारण बदनामी अजूनही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. ज्या संस्थेवर टीका आहे तिला छापण्याआधी पत्र पाठवतो आणि उत्तर आलं तर तेही सोबत छापतो.

लेखकाला खरंच धोका वाटत असेल तर आधी फोनवर बोला. टोपणनावानं छापायची सोय अगदीच अपवाद म्हणून ठेवलीय, तेव्हा खरं नाव दोनच संपादकांना माहीत असतं. कॉलेजमध्ये चिडवतील म्हणून टोपणनाव मिळत नाही.

२०. गाईड सरांचं नाव को-ऑथर म्हणून टाकायला लागतं का? सर म्हणतात टाक.

सरांनी प्रश्न ठरवण्यात, विश्लेषणात, लिहिण्यात खरा हात लावला असेल तर सहलेखक होतात, तेव्हा पण पहिलं नाव विद्यार्थ्याचंच. फक्त मार्गदर्शन केलं, सही दिली, प्रस्तावना वाचली असेल तर आभारात. हे सरांना तोंडावर सांगणं अवघड असतं, इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात असतात, म्हणून आम्ही प्रत्येक लेखकाकडनं "मी काय केलं" हे वेगळं लिहून घेतो. सरांना हा जर्नलचा नियम म्हणून दाखवा, बोलणी आम्ही खाऊ.

२१. आयएसएसएन आहे का? यूजीसी केअरमध्ये आहे का? मार्क मिळतात का?

आयएसएसएन हा आठ आकडी ओळख नंबर आहे, भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडनं फुकट मिळतो, आमचा अर्ज गेलाय. त्यानं जर्नल चांगलं ठरत नाही, बोगस जर्नलांकडं पण तो असतो. केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, यूजीसीनं बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यामुळं तो प्रश्न आता राहिला नाही, जो कोणी अजून "केअर लिस्टेड" म्हणून पैसे मागतो त्याला हे सांगा. मार्कांचं तुमच्या कॉलेजनं ठरवायचं, आम्ही वचन देत नाही. सरकारी नोंदणीचं विचारता म्हणून, २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्यात शैक्षणिक जर्नल येत नाही.

२२. छापून आल्यावर तोच लेख दैनिकाला देऊ का?

द्या की. हक्क तुमच्याकडंच राहतात, फक्त आधी इथं आलाय एवढं लिहा. गावातल्या वाचनालयाला आणि ज्यांच्याशी बोललात त्यांना एक एक प्रिंट द्याच.

२३. छापल्यानंतर आकडा चुकीचा निघाला तर?

लगेच कळवा. छोटी चूक असेल तर दुरुस्तीची नोंद तारखेसकट लेखाच्या वरती लावतो, गुपचूप बदलत नाही. निष्कर्षच बदलत असेल तर पेपर मागं घेतला असं जाहीर करतो. मुद्दाम आकडे बनवले असतील तर कॉलेजला पण कळवतो. ज्यांची मुलाखत घेतली त्यांच्याकडनं हरकत आली तर तीही याच वाटेनं जाते, त्यांना मेल करता येत नसेल तर लेखकानं किंवा आमच्यापैकी कोणी जाऊन लिहून घ्यायची.

२४. मला पेपर लिहायचा नाही, टीममध्ये यायचंय.

जूनमध्ये अर्ज घेतो. रिव्ह्यू, मराठी संपादन, आकडे तपासणं आणि लेआउट अशी चार कामं आहेत, आकडे तपासायला माणसं कायम कमी पडतात, एक्सेल येत असेल तर तिथं या. इंटरव्ह्यू नाही, एक जुना पेपर देतो, त्यात काय खटकलं ते एक पान लिहून पाठवायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल.